‘हार्दिक’चं ‘हार्दकि’ का होतं? मोबाइलवरून एलईडी चालवणाऱ्यांचे प्रश्न

मोबाइल ॲपवरून लायटिंग चालवताना काय काय अडतं ते कळवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं. त्यावर मंडळाचे कार्यकर्ते, दुकानदार, कॉलेजची पोरं, अगदी परदेशातले वाचक, सगळ्यांनी मनापासून लिहिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही पत्रं थोडी छाटलीत. एक गोष्ट बहुतेक पत्रांत दिसली, ती म्हणजे सगळा राग ॲपवर आहे आणि दोष असतो ॲपच्या पुढे, म्हणजे वायरीत, एसएमपीएसमध्ये (घरच्या विजेचे ५ किंवा १२ व्होल्ट करून देणारा डबा) नाहीतर पिक्सेलच्या, म्हणजे ठिपक्यांच्या, हिशोबात. म्हणून उत्तरं देताना ॲपच्या बटणांपेक्षा बोर्डाबद्दलच जास्त लिहिलंय.

प्रश्न: आमच्या मंडळाने यंदा पी१० चा बोर्ड केला, ४ पॅनल आडवी, एकच ओळ. ॲपमध्ये ‘सर्व गणेशभक्तांचे हार्दिक स्वागत’ टाइप केलं की फोनवर बरोबर दिसतं पण बोर्डावर ‘हार्दकि’ येतं, ‘स्वागत’मधला स पाय मोडून सुटा पडतो. बोर्डवाला म्हणतो इंग्रजीत लिहा, मराठी नीट येत नाही. खरंच येत नाही का?
(कार्यकर्ता, इचलकरंजी)

उत्तर: येतं हो दादा, नक्की येतं, इंग्रजीत लिहायची अजिबात गरज नाही. आधी हे का होतं ते समजून घ्या, म्हणजे उद्या कुठलंही ॲप हातात आलं तरी अडणार नाही. आपण ‘हार्दिक’ टाइप करतो तेव्हा फोन ते ह, काना, र, पायमोड, द, वेलांटी, क अशा उच्चाराच्या क्रमाने साठवतो. वेलांटी दिसायला द च्या आधी असते पण साठवलेली असते द च्या नंतर, तर ती उचलून मागे नेऊन बसवायची, र चा रफार करून द च्या डोक्यावर चढवायचा, स आणि व जोडून ‘स्व’ करायचा, हे सगळं काम फोनमधली एक वेगळी यंत्रणा करते म्हणून स्क्रीनवर नीट दिसतं. आता काही ॲप्स फोनने काढलेलं ते अख्खं चित्रच बोर्डाला पाठवतात, तिथे मराठी एकदम व्यवस्थित येतं. पण काही ॲप्स नुसते अक्षरांचे कोड पाठवतात आणि बोर्डामागचं कंट्रोलर कार्ड स्वतःकडच्या फॉन्टमधून एकेक अक्षर ओळीने मांडत जातं. त्या कार्डाला जोडाक्षर माहीत नाही, वेलांटी मागे न्यायची माहीत नाही, मग ती द च्या पुढे म्हणजे क च्या आधी पडते आणि झालं ‘हार्दकि’. तुमच्याकडे फोनवर बरोबर आणि बोर्डावर चूक दिसतंय, म्हणजे हेच होतंय.

त्यामुळे मजकूर म्हणून पाठवू नका, चित्र म्हणून पाठवा. पी१० चं एक पॅनल ३२ आडवे आणि १६ उभे ठिपके असं असतं, दोन ठिपक्यांत १० मिलिमीटर अंतर, म्हणून तर नाव पी१०. तुमची ४ पॅनल म्हणजे १२८ बाय १६ चा कागद झाला. फोनवर पिक्सेल आर्टचं कुठलंही ॲप घ्या, पिक्सेल स्टुडिओ चालेल, त्यात उंची बरोबर १६ ठेवायची आणि रुंदी मजकुराला लागेल तेवढी, पार्श्वभूमी काळीकुट्ट, अक्षर एकाच रंगात. मग ते चित्र बोर्डाच्या ॲपमध्ये इमेज म्हणून घ्यायचं आणि डावीकडे सरकणारा इफेक्ट लावायचा. लांब चित्र घेत नसेल तर १२८ च्या तुकड्यांत दोन-तीन पानं करा. मोठ्या फोटोत मजकूर लिहून तो ॲपला लहान करायला सांगू नका, लहान करताना कडेला राखाडी ठिपके तयार होतात आणि एकरंगी बोर्डाला राखाडी दाखवताच येत नाही, मग कुठे जास्तीचे ठिपके पेटतात कुठे अक्षर तुटतं. लहान केलंच तर नंतर ठिपका ठिपका बघून हाताने साफ करा.

आता १६ ओळींत मराठी बसवायचं म्हणजे जागेची वाटणी आधी ठरवावी लागते. वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार, रफार यांना ४ ओळी, शिरोरेषेला १, अक्षराच्या अंगाला ८ आणि खाली उकाराला ३. बस, संपल्या १६. ८ ओळींत ग, प, म, र छान बसतात, पण भ आणि म सारखे दिसायला लागतात, तसंच ध आणि घ. त्यावर एक उपाय हाताने करायचा, भ आणि ध च्या डोक्यावरची शिरोरेषा २ ठिपके मोकळी सोडायची. तेवढ्याने रस्त्यापलीकडून वाचणाऱ्याला ‘भव्य’ हे ‘भव्य’च दिसतं, ‘मव्य’ नाही. ‘महाराष्ट्र’मधला ‘ष्ट्र’ मात्र १६ ओळींत चेंगरतोच, कितीही केलं तरी. पुढच्या वर्षी जमलं तर खाली अजून ४ पॅनल घ्या, १२८ बाय ३२ होईल, आकार साधारण १२८ बाय ३२ सेंटिमीटर, आणि मग मराठीला मोकळा श्वास मिळतो. माझं स्पष्ट मत आहे की मराठी मजकुराचा बोर्ड करायचा असेल तर पहिल्यापासून ३२ ओळींचाच करावा, १६ ओळींचा हिशोब इंग्रजी अक्षरांपुरता ठीक आहे.

आणि वेग कमी ठेवा. सेकंदाला ३० ठिपके सरकलं तर एक अक्षर तुमच्या बोर्डावर जेमतेम ४ सेकंद राहतं आणि एका वेळी ८-१० अक्षरंच समोर असतात. आजी-आजोबांना वाचता यायला हवं ना. पूर्ण वाक्य एकदा तरी थांबून दिसेल असं बघा, निदान ‘हार्दिक स्वागत’ तरी स्थिर ठेवा.

प्रश्न: ॲप कंट्रोलरला कनेक्ट होतं आणि अर्ध्या मिनिटात तुटतं. वाय-फाय वर ‘इंटरनेट नाही’ असं येतं. ब्लूटूथवाल्या दुसऱ्या लाइटचं ॲप तर लाइट शोधतच नाही, वर लोकेशन मागतं, द्यायचं का?
(गृहिणी, नाशिक)

उत्तर: ताई, कंट्रोलर स्वतःचं वाय-फाय सोडतो पण त्यात इंटरनेट नसतं, आणि हल्लीचे फोन इंटरनेट नसलेलं वाय-फाय दिसलं की गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतात. लाइट लावेपर्यंत मोबाइल डेटा बंद ठेवा आणि ‘इंटरनेट नाही, तरीही जोडलेलं राहू का’ असा मेसेज आला की हो म्हणा, काम होऊन जाईल. कंट्रोलर घरच्या वाय-फायला जोडायचा असेल तर राउटरचं २.४ गिगाहर्ट्झवालं नेटवर्क लागतं, हे स्वस्त कंट्रोलर ५ गिगाहर्ट्झ पकडत नाहीत, आणि राउटरवर दोन्हीचं नाव एकच असेल तर बऱ्याचदा घोळ होतो, तेव्हा नावं वेगळी करून घ्या.

लोकेशनचं म्हणाल तर अँड्रॉइड ६ पासून ११ पर्यंत ब्लूटूथच्या वस्तू शोधायला लोकेशनची परवानगी लागायचीच, तो फोनचाच नियम होता, ॲपचा लबाडपणा नाही. अँड्रॉइड १२ पासून ‘जवळपासची डिव्हाइसेस’ अशी वेगळी परवानगी आली. तर जुन्या फोनवर ‘ॲप वापरत असताना’ एवढंच द्या आणि लोकेशन चालूही ठेवा, नाहीतर यादी रिकामीच दिसते. पण लाइटच्या ॲपने कॉन्टॅक्ट किंवा एसएमएस मागितले तर सरळ नाही म्हणा, लाइटला तुमच्या कॉन्टॅक्टचं काय करायचंय! खोक्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करून थेट फाइल उतरवण्यापेक्षा तेच ॲप प्ले स्टोअरवर मिळतंय का ते आधी बघा.

प्रश्न: दुकानाच्या पाटीभोवती १० मीटर पिक्सेल पट्टी लावली, ५ व्होल्टची, मीटरला ६० एलईडी. ॲपमध्ये पांढरा रंग दिला की सुरुवातीला पांढरा आणि शेवटाकडे पिवळट, मग लालसर. ब्राइटनेस पूर्ण केला की सगळं बंद पडून परत चालू होतं. एसएमपीएस ५ व्होल्ट १० अँपिअर आहे. तीन वेगवेगळी ॲप्स टाकून पाहिली, फरक शून्य.
(कापड दुकानदार, कोल्हापूर)

उत्तर: फरक पडणारच नाही, कारण ॲप आपलं काम चोख करतंय. हिशोब करा. या पट्टीतल्या एका एलईडीत लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे आणि एक छोटी चिप असते, तिन्ही पूर्ण पेटले म्हणजे पांढरा झाला की एक एलईडी जास्तीत जास्त ६० मिलीअँपिअर घेतो असं धरतात. हल्ली कमी घेणाऱ्या पट्ट्याही मिळतात पण हिशोब जास्तीचाच करावा. १० मीटरचे ६०० एलईडी, ६०० गुणिले ०.०६ म्हणजे ३६ अँपिअर, ५ व्होल्टवर १८० वॉट. तुमचा एसएमपीएस १० अँपिअरचा. पूर्ण पांढरं मागितलं की तो स्वतःला वाचवायला बंद होतो, मग परत चालू होतो, मग परत बंद. चांगला आहे म्हणून बंद होतो, हलका असता तर जळाला असता.

आणि शेवट लालसर का, तर पट्टीच्या आतली तांब्याची पात इतकी पातळ असते की एवढा करंट जाताना वाटेतच व्होल्ट पडतात. निळ्या आणि हिरव्या दिव्याला पेटायला ३ व्होल्टच्या आसपास लागतात, लालला २ च्या आसपास पुरतात. व्होल्ट पडले की आधी निळा मंदावतो, मग हिरवा, आणि शेवटी लाल तेवढा राहतो. म्हणजे पट्टीचा शेवट लाल झाला की समजायचं तिथे करंट पोचत नाहीये.

तर काय करायचं. एक म्हणजे एसएमपीएसपासून वेगळ्या जाड वायरी काढून पट्टीला सुरुवातीला, ५ मीटरच्या जोडावर आणि शेवटच्या टोकाला अशी तीन ठिकाणी पॉवर द्या, कारागीर लोक याला इंजेक्शन देणं म्हणतात, आणि प्रत्येक वायरीला फ्यूज घाला. हे टाळू नका, ५ व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून लोक हलक्यात घेतात पण ३० अँपिअर पातळ वायरीतून गेले तर वायर तापून प्लास्टिक वितळतं आणि तुमचं तर कापडाचं दुकान आहे. दोन एसएमपीएस वापरलेत तर त्यांचे प्लस एकमेकांना जोडायचे नाहीत, प्रत्येकाने आपापला भाग चालवायचा, मायनस मात्र सगळ्यांचे आणि कंट्रोलरचा एकत्र हवेत, नाहीतर डेटा वेडावाकडा जातो. दुसरं म्हणजे ॲपमध्ये ब्राइटनेसला मर्यादा घाला. खरं सांगू का, रात्रीच्या वेळी पाटीला ३० ते ४० टक्के ब्राइटनेस भरपूर होतो (३६ अँपिअरचे ४० टक्के म्हणजेही १४-१५ अँपिअर होतात, तेव्हा १० अँपिअरच्या एसएमपीएसवर २५ टक्क्यांच्या वर जाऊ नका), पूर्ण पांढरं दुकानासमोर उभं राहिलेल्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना त्रास देतं.

पुन्हा कधी नवीन घेतलीत तर १२ व्होल्टची पट्टी घ्या. त्यात दोन प्रकार मिळतात, डब्ल्यूएस २८११ मध्ये सहसा ३ एलईडी मिळून एक पिक्सेल होतो, बॉर्डरला तेवढं पुरतं. डब्ल्यूएस २८१५ मध्ये प्रत्येक एलईडी वेगळा चालतो आणि डेटाची एक जादा लाइन असते, त्यामुळे मधला एक एलईडी मेला तरी पुढची पट्टी चालू राहते. तुमच्या आत्ताच्या पट्टीत एखादा मेला तर त्याच्यापुढचं सगळं अंधारात जाईल, तेव्हा जिथून बंद झालं तिथला पहिला बंद एलईडी आणि त्याच्या आधीचा, हे दोनच आधी तपासायचे.

प्रश्न: इकडे आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीसाठी पुण्याहून भावाने पिक्सेल लाइट, कंट्रोलर आणि एसएमपीएस पाठवला. ॲप दिसतंय, पण कंट्रोलरचं वाय-फायच येत नाही. इथे १२० व्होल्ट असतात, त्यामुळे असेल का?
(एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर: बहुतेक त्यामुळेच. एसएमपीएसच्या कडेला जाळीतून एक छोटा सरकवायचा स्विच दिसतो का बघा, ११५ आणि २३० असं लिहिलेला. भारतातून येताना तो २३० वर असणार. प्लग पूर्ण काढून, मग स्क्रूड्रायव्हरने ११५ वर सरकवा. स्विच नसेल तर लेबलवर १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलंय का पाहा, तसं असेल तर तो दोन्हीकडे चालतो आणि दोष दुसरीकडे शोधावा लागेल, आणि फक्त २२० लिहिलं असेल तर तिकडेच नवीन घ्या. महत्त्वाचं म्हणजे तो एसएमपीएस पुन्हा पुण्याला पाठवलात तर स्विच आधी २३० वर करा, ११५ वर ठेवून आपल्याकडच्या लाइनला लावला तर त्याच क्षणी फुटतो.

प्रश्न: दिवाळीसाठी स्वतःच्या हाताने आकाशकंदील करून त्यात मोबाइलवर चालणारे पिक्सेल लाइट बसवायचेत. तयार सेट नकोय, शिकायचंय. कुठून सुरुवात करू?
(इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: वा, हे पत्र वाचून फार बरं वाटलं. डब्ल्यूएलईडी नावाचं मोफत आणि ओपन सोर्स फर्मवेअर (बोर्डाच्या आत राहून लाइट चालवणारं सॉफ्टवेअर) आहे, ख्रिश्चन श्विने या डेव्हलपरने सुरू केलेलं, आता जगभरातली माणसं त्यात भर घालतात. ते ईएसपी३२ नावाच्या छोट्या बोर्डावर टाकायचं. कॉम्प्युटरवर क्रोम उघडून, बोर्ड यूएसबीने जोडून, त्यांच्या साइटवरून थेट इन्स्टॉल होतं, कोड लिहावा लागत नाही. केबल मात्र डेटावाली घे, नुसत्या चार्जिंगच्या केबलवर बोर्ड दिसणारच नाही. मग फोनवर डब्ल्यूएलईडी-एपी असं वाय-फाय येतं, पासवर्ड डब्ल्यूएलईडी१२३४ हाच इंग्रजी छोट्या अक्षरात, आणि ब्राउजरमध्ये ४.३.२.१ टाकलं की पान उघडतं. ॲपही आहे पण पहिल्यांदा ब्राउजरच बरा.

कंदिलाला ५ व्होल्टची डब्ल्यूएस २८१२बी पट्टी, ५०-६० एलईडी पुष्कळ झाले. पट्टीवर बाण छापलेला असतो, डेटा बाणाच्या दिशेनेच जातो, उलटी लावली तर काहीच पेटत नाही. ईएसपी३२ चा सिग्नल ३.३ व्होल्टचा आणि ५ व्होल्टवरच्या या चिपला नियमाप्रमाणे ३.५ व्होल्ट लागतात, त्यामुळे टेबलावर चालतं आणि गॅलरीत टांगल्यावर मध्येच रंग तडतडतात असं होतं. उपाय दोन, बोर्ड कंदिलाच्या आतच पट्टीला चिकटून ठेव म्हणजे डेटा वायर चार बोटांचीच राहील, नाहीतर मध्ये ७४एएचसीटी१२५ ही सिग्नल ५ व्होल्टपर्यंत वाढवणारी छोटी आयसी लाव. डेटा वायरीत ३३० ते ४७० ओहमचा एक रेझिस्टर आणि पट्टीच्या सुरुवातीला प्लस-मायनसमध्ये १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एवढं कर. लाल मागितला आणि हिरवा आला तर घाबरू नकोस, सेटिंगमध्ये रंगांचा क्रम बदलून बघ.

सेटिंगमध्येच करंटची मर्यादा असते, ती मुळात ८५० मिलीअँपिअरवर ठेवलेली आहे. बऱ्याच जणांना वाटतं लाइट मंद का, तर यामुळे. तुझा ॲडॅप्टर ५ व्होल्ट २ अँपिअरचा असेल तर ती १५०० कर, २००० पर्यंत नेऊ नकोस. १०० पेक्षा जास्त इफेक्ट तयार मिळतात आणि मोह होतो, पण कंदिलाला मेणबत्तीसारखा हलणारा मंद केशरी इफेक्ट लावून बघ, कागदातून तो जो दिसतो त्याला तोड नाही. पाकळ्या आणि शेपटी वेगळ्या चालवायच्या असतील तर सेगमेंट कर, उदाहरणार्थ पहिले ४० एलईडी पाकळ्यांना आणि पुढचे २० शेपट्यांना, प्रत्येकाला वेगळा इफेक्ट देता येतो, आणि सगळं प्रीसेट म्हणून सेव्ह केलंस की रोज संध्याकाळी टायमरने आपोआप लागतं. गाण्यावर नाचणारे लाइट हवे असतील तर ईएसपी३२ ला छोटा माइक जोडता येतो, तो फोनच्या माइकपेक्षा खूप चांगलं ऐकतो.

प्रश्न: बोर्डाचा व्हिडिओ काढला की त्यात काळे पट्टे सरकताना दिसतात, डोळ्यांना मात्र काही दिसत नाही. बोर्ड खराब आहे का?
(मंडळाचा सोशल मीडिया बघणारा, डोंबिवली)

उत्तर: बोर्ड ठणठणीत आहे. पॅनलच्या सगळ्या ओळी एकदम पेटत नाहीत, थोड्या थोड्या ओळी इतक्या भरभर आळीपाळीने पेटतात की डोळ्याला सलग वाटतं, कॅमेरा मात्र त्यांना मध्येच पकडतो. फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड असेल तर शटर १/५० किंवा त्याहून हळू करा, पट्टे बरेच कमी होतील.

प्रश्न: मी डेकोरेशन करतो. गेटवर मोर, दिवा, गणपती असं पिक्सेल डिझाइन मोबाइलवर छान दिसतं आणि गेटवर नुसती गिचमिड होते. शिवाय गिऱ्हाईक म्हणतं अजून भडक करा, अजून फास्ट करा. काय करावं?
(डेकोरेटर, सोलापूर)

उत्तर: दादा, मोबाइलची स्क्रीन हातभर अंतरावर असते आणि तिच्यात लाखो ठिपके असतात, तुमच्या गेटवर असतील हजार-दोन हजार. तेव्हा डिझाइन करताना ॲपच्या प्रीव्ह्यूवर विश्वास ठेवूच नका, फोन समोरच्या भिंतीला टेकवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा आणि डोळे थोडे बारीक करून बघा, मोर कळला तर गेटवरही कळेल. मोराला पिसाऱ्याचे डोळे पाच-सहाच ठेवा पण मोठे ठेवा, आणि दोन पिसांच्या मध्ये एक पूर्ण काळी ओळ सोडा. एलईडीत काळा म्हणजे दिवा बंद, आणि आकार उठून दिसतो तो या बंद दिव्यांमुळे. सगळी जागा रंगाने भरली की गिचमिड झालीच म्हणून समजा.

रंगही जपून घ्या. चॉकलेटी रंग एलईडीवर येत नाही, तो मंद केशरीच दिसतो, त्यामुळे मूर्तीची सावली दाखवायला चॉकलेटी वापरला की चेहरा फसतो. फिकट रंग सगळे पांढरट होतात कारण निम्म्या आकड्यावरही एलईडी डोळ्याला जवळजवळ पूर्ण पेटल्यासारखा वाटतो. ॲपमध्ये गॅमा करेक्शन (मधल्या छटा डोळ्याला योग्य दिसतील इतक्या मंद करणारी सोय) असेल तर चालू करा, नसेल तर मधल्या छटा स्वतःच बऱ्याच खाली घ्या. लाल, केशरी, हिरवा, निळा असे ठाशीव चार रंग आणि भरपूर काळा, यात सुंदर काम होतं.

वेगाबद्दल मात्र गिऱ्हाइकाला ठामपणे नाही म्हणायला शिका, ही कळकळीची विनंती आहे. काही माणसांना, त्यात मुलांना जास्त, लखलखणाऱ्या प्रकाशाने फिट येऊ शकते. सेकंदाला साधारण ३ ते ३० वेळा होणारी उघडझाप जास्त धोक्याची असते. जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये टीव्हीवरच्या एका कार्टूनमध्ये लाल-निळा प्रकाश सेकंदाला १२ च्या आसपास वेळा लखलखला आणि त्या संध्याकाळी ६०० हून जास्त मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. वेबसाइटसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांमध्ये सेकंदाला ३ पेक्षा जास्त वेळा लखलखणारं काही ठेवू नये असं सांगितलंय, तोच आकडा आपण गेटलाही लावूया. स्ट्रोब नावाचा इफेक्ट ॲपमध्ये असला तरी मिरवणुकीत आणि रस्त्यावर लावू नका, विशेषतः पूर्ण गेट एकदम उघडझाप करणारा आणि लाल-निळा. गेटच्या खालून लहान पोरं जातात, समोरून गाड्या येतात. त्याऐवजी हळू सरकणारी लाट, दिव्याची वाढत जाणारी ज्योत, कमळ उमलणं असं करा, एक चित्र ५-६ सेकंद राहू द्या. लोक थांबून फोटो काढायला लागले की गिऱ्हाईक आपोआप तुमचं म्हणणं मान्य करेल.

प्रश्न: आमच्या दवाखान्याबाहेरच्या बोर्डावर रात्री कुणीतरी भलताच मजकूर टाकला. आत कुणी शिरलं नव्हतं. हे कसं शक्य आहे?
(डॉक्टर, सातारा)

उत्तर: बोर्डाचं वाय-फाय रस्त्यावरही पोचतं आणि त्याचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच राहिला असणार, काहींवर तर पासवर्ड नसतोच. ज्याच्या फोनमध्ये तेच ॲप आहे तो समोरच्या टपरीवर उभा राहून मजकूर बदलू शकतो. ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन वाय-फायचं नाव आणि पासवर्ड दोन्ही बदला, नावात दवाखान्याचं नाव ठेवू नका, आणि ॲपला वेगळा पासवर्ड लावायची सोय असेल तर तोही लावा. ज्याने बोर्ड बसवला त्याच्याकडे जुना पासवर्ड असतो, तेव्हा हे काम त्याच्या गैरहजेरीत स्वतः करा. पासवर्ड बदलायची सोयच नसलेलं कार्ड असेल तर ते बदलून घ्या, वेळा आणि तातडीचे नंबर दाखवणाऱ्या बोर्डावर चुकीचा मजकूर जाणं हे पेशंटसाठी बरं नाही.

प्रश्न: गणपतीत हमखास पाऊस. पिक्सेल लाइट वॉटरप्रूफ आहेत असं दुकानदार म्हणाला, मग मांडवात काही भीती नाही ना?
(कार्यकर्ती, रत्नागिरी)

उत्तर: ताई, लाइट वॉटरप्रूफ असतील पण धोका लाइटमध्ये नाहीच, तो एसएमपीएसच्या अलीकडच्या २३० व्होल्टमध्ये आहे. लाइटवर आयपी६५ (आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून किती बचाव होतो त्याचा आकडा) असेल तर पावसाचे फवारे चालतात, आयपी६७ असेल तर थोडा वेळ पाण्यात राहिला तरी चालतं, पण जिथे पट्टी कापून जोड दिलाय तिथे हे आकडे संपले, तो जोड सिलिकॉनने बंद करून मगच वर टेप मारा, नुसती टेप कोकणातल्या पावसात टिकत नाही. जाळीवाला उघडा एसएमपीएस मांडवात टांगायचाच नाही, रेनप्रूफ घ्या किंवा बंद पेटीत, जमिनीपासून उंच, आणि वायर पेटीत खालून वर जाईल अशी न्या म्हणजे पाणी वायरीवरून आत ओघळणार नाही. एसएमपीएसला अर्थिंगचा स्क्रू असतो, तो रिकामा सोडतात, तिथे खरोखरची अर्थिंग जोडून घ्या. लोखंडी पाइपांचा मांडव असेल तर त्यालाही अर्थिंग हवी.

मांडवाच्या मेन लाइनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट कुठे गळायला लागला की लगेच लाइन तोडणारा स्विच) लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या, साधा एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) वायर वाचवतो, माणूस वाचवायला आरसीसीबीच लागतो. त्यावर टेस्टचं बटण असतं, ते लाइट लावायच्या दिवशी आणि मोठा पाऊस झाल्यावर दाबून बघा, लाइन खटकन पडली पाहिजे. नाही पडली तर त्या संध्याकाळी लायटिंग बंद ठेवा, समईच्या उजेडात आरती करा आणि दुसऱ्या दिवशी आधी तो आरसीसीबी बदला.